परदेशी विद्यार्थ्यांचे इमिग्रेशन सल्लागार म्हणून काम: प्रत्यक्षात काय करावे लागते?

प्रश्न: अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेऊन मी इथेच स्थायिक झाले आहे आणि नुकतेच ग्रीन कार्ड मिळाले आहे. जवळच्या विद्यापीठात आंतरराष्ट्रीय विद्यार्थी सल्लागाराची जागा निघाली आहे. हे काम कागदपत्रांचे आहे की माणसांचे? कायद्याची पदवी नसताना ते जमेल का? आणि आपल्याकडच्या मुलांना त्यातून खरोखर मदत करता येते का?

उत्तर: अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका राज्य विद्यापीठात मी अनेक वर्षे हेच काम करत आहे, त्यामुळे जे लिहिते ते त्या देशापुरतेच समजावे. कॅनडा, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात अशा सल्लागारांची नोंदणी आणि परवाने यांचे नियम वेगळे आहेत.

पात्रतेचे आधी सांगते, कारण ते सोपे आहे. जाहिरातीत पदाचे नाव काहीही असो, सरकारच्या लेखी ते ‘डेझिग्नेटेड स्कूल ऑफिशियल’ असते आणि बोलण्यात सगळे त्याला डीएसओ म्हणतात. डीएसओ होण्यासाठी अमेरिकेचे नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड आवश्यक असते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेला सहकारी ओरिएंटेशन घेऊ शकतो, कार्यशाळा घेऊ शकतो, पण सरकारी प्रणालीत नोंद करू शकत नाही आणि आय-२० या विद्यार्थ्याच्या प्रवेश-पात्रतेच्या प्रमाणपत्रावर सही करू शकत नाही. म्हणजे आपल्याला मिळालेले ग्रीन कार्ड हीच या कामातली पहिली पात्रता आहे. कायद्याची पदवी लागत नाही. मात्र नियमाचे मूळ शब्द शांतपणे, पुन्हा पुन्हा वाचण्याची सवय लागते. आमच्या कामाचा बहुतेक भाग संघीय नियमावलीच्या आठव्या विभागातील २१४.२ (एफ) आणि २१४.३ या दोन कलमांत आहे, आणि ‘मला वाटते असे असावे’ या वाक्याला या कार्यालयात थारा नसतो.

आता मुख्य मुद्दा. हे पद स्वीकारण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, असे मी मनापासून सांगते: सल्लागार पगार विद्यापीठाकडून घेतो, नोंदी अमेरिकी सरकारच्या प्रणालीत करतो आणि समोर बसलेला विद्यार्थी मात्र त्याला आपला माणूस समजतो. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. त्यांपैकी एकही लपवली, तर आज ना उद्या विद्यार्थ्याचेच नुकसान होते.

सेव्हिस नावाची ही प्रणाली कुठून आली हे कळले की कामाचे स्वरूप कळते. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरवर जो बॉम्बहल्ला झाला, त्यातील एक आरोपी विद्यार्थी व्हिसावर देशात आलेला होता. त्यानंतर १९९६ च्या इमिग्रेशन कायद्याने परदेशी विद्यार्थ्यांच्या माहितीसाठी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा उभारण्याचा आदेश दिला. काम रेंगाळले, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर त्याला वेग आला आणि २००३ मध्ये सेव्हिस सर्व विद्यापीठांना बंधनकारक झाली. ही प्रणाली गृहसुरक्षा विभागाच्या अखत्यारीतील आइस ही अंमलबजावणी यंत्रणा चालवते. म्हणजे विद्यार्थ्याने पत्ता बदलला, विषय सोडला, नोकरी धरली किंवा शिक्षण अर्धवट टाकले, तर ती माहिती जिथे पोहोचते ते कार्यालय हद्दपारीची कारवाई करणाऱ्या यंत्रणेचाच भाग आहे. विद्यार्थ्याने पत्ता बदलल्यावर दहा दिवसांत कळवायचे असते आणि विद्यापीठाने अशी बाब एकवीस दिवसांत नोंदवायची असते. प्रत्येक सत्र सुरू झाल्यावर तीस दिवसांच्या आत प्रत्येक विद्यार्थ्याची नोंदणी प्रणालीत निश्चित करावी लागते. दर दोन वर्षांनी विद्यापीठाच्या मान्यतेचे नूतनीकरण होते, आणि आय-२० वर डीएसओ जी सही करतो ती मजकूर खरा असल्याच्या शपथेखाली केलेली असते.

यातून पुढचा नियम निघतो. वकील आणि अशील यांच्यातील संभाषणाला जे कायदेशीर संरक्षण असते, ते डीएसओ आणि विद्यार्थी यांच्यातील संभाषणाला नसते. विद्यार्थी दार लावून घेतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, “मॅडम, एक गोष्ट सांगायची आहे, पण कुणाला सांगू नका.” त्या क्षणी त्याला थांबवून पुढील वाक्य सांगणे हे मी या कामातले सर्वांत महत्त्वाचे कौशल्य मानते: “तू सांगण्याआधी एक ऐक. मी वकील नाही. तू नियमबाह्य काम केल्याचे मला कळले, तर ते नोंदवणे माझ्यावर बंधनकारक असू शकते. असे काही असेल तर आधी वकिलाशी बोल. विद्यापीठाची विधी सेवा कुठे आहे ते मी आत्ताच दाखवते.” पुष्कळ नव्या सल्लागारांना हे कठोर वाटते. मुलगा घाबरेल, दूर जाईल, असे त्यांना वाटते. माझा अनुभव उलट आहे. ज्याला पहिल्याच भेटीत खरे सांगितले जाते, तो दुसऱ्या वेळी वेळेवर येतो. आणि या कामात वेळेवर येणे म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

डेटा सायन्सच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातला एक मराठी विद्यार्थी सत्राच्या नवव्या आठवड्यात आय-२० वर प्रवासाची सही घ्यायला आला. उन्हाळ्यात घरी जायचे आहे, परत येताना काही अडचण येईल का, असे विचारत होता. सही वर्षभरासाठी चालते, ओपीटीवर (पदवीनंतर काम करण्याच्या परवानगीवर) असताना मात्र सहा महिन्यांचीच धरतात, एवढे सांगून मी त्याला जाऊ देऊ शकले असते. पण त्याचा लॅपटॉप उघडा होता आणि पडद्यावर विद्यापीठाच्या नोंदणीचे पान होते, एका विषयासमोरचे ‘ड्रॉप’चे बटण दिसत होते. मी विचारले, हा विषय सोडतो आहेस का? मग हळूहळू सगळे बाहेर आले. मध्यावधी परीक्षेत एका विषयात जेमतेम गुण मिळाले होते, कित्येक आठवडे झोप लागत नव्हती, घरी वडिलांनी शेतजमीन तारण ठेवून कर्ज काढलेले होते आणि नापासाचा शेरा गुणपत्रिकेवर येऊ नये म्हणून तो विषय काढून टाकणार होता. वरच्या वर्गातल्या मित्रांनी सांगितले होते की सगळेच असे करतात.

आमच्याकडे पदव्युत्तर विद्यार्थ्याला पूर्णवेळ समजण्यासाठी नऊ क्रेडिट लागतात; पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी नियमच बारा क्रेडिटचा आहे. तीन विषयांपैकी एक सोडला की त्याची सहा क्रेडिट उरणार होती. नोंदणीच्या पानाला यातले काही कळत नाही. ते बटण अमेरिकन विद्यार्थ्यासाठी जसे चालते तसेच एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलासाठीही चालते. त्याने ते त्या रात्री दाबले असते, तर परवानगीविना अभ्यासभार कमी केल्याचे कारण देऊन त्याची सेव्हिस नोंद आम्हालाच रद्द करावी लागली असती. मग उरले असते दोन मार्ग. एक म्हणजे आय-५३९ अर्ज भरून स्टेटस पूर्ववत करून मागायचे, जे सरकारच्या मर्जीवर अवलंबून असते आणि ज्यासाठी साधारणपणे पाच महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. दुसरा म्हणजे देश सोडून नव्या आय-२० वर पुन्हा प्रवेश करायचा, आणि मग सीपीटी (शिकत असताना काम करण्याची सवलत) आणि ओपीटी यांसाठी लागणारे एका शैक्षणिक वर्षाचे वास्तव्य पहिल्यापासून मोजायचे.

प्रकृतीच्या कारणाने अभ्यासभार कमी करण्याची सोय नियमातच आहे, आणि एका पदवी-स्तरावर ती एकूण बारा महिन्यांपर्यंत मिळू शकते. फक्त विषय सोडण्यापूर्वी डीएसओची मंजुरी हवी आणि त्यासाठी योग्य व्यक्तीचे पत्र हवे. त्याच्याकडे समुपदेशन केंद्रातील सामाजिक कार्यकर्तीचे पत्र होते. ती बाई मनापासून काम करणारी आहे, पण नियमाला परवानाधारक डॉक्टर किंवा परवानाधारक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांचेच पत्र चालते. विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मिळाली. पत्रात आजाराचे नाव लिहावे लागत नाही, या सत्रात वैद्यकीय कारणास्तव कमी अभ्यासभाराची शिफारस आहे एवढेच पुरते. हे कळल्यावर तो प्रथमच सैल बसला, कारण घरी कुणाला कळेल याची त्याला नापास होण्याहून अधिक धास्ती होती. पत्र आले, सेव्हिसमध्ये मंजुरीची नोंद झाली, नवा आय-२० त्याच्या हातात पडला आणि त्यानंतर माझ्यासमोर बसून त्याने तेच बटण दाबले. कृती तीच होती, परिणाम मात्र पूर्ण वेगळा झाला, आणि फरक फक्त क्रमाचा होता.

कामाचा बहुतांश भाग हा असा आहे. घटना घडण्यापूर्वी आमच्या हातात बरेच काही असते. घडल्यानंतर फारच थोडे उरते. म्हणून ‘कागदपत्रांचे की माणसांचे’ या आपल्या प्रश्नाला मी सरळ उत्तर देऊ शकत नाही. कागद ठरलेल्या दिवसाआधी तयार व्हायला हवा, आणि माणूस त्या दिवसाआधी आपल्या दारात यायला हवा; त्यासाठी त्याला आपल्याकडे येण्याची भीती वाटता कामा नये.

ओपीटीच्या अर्जात हाच प्रकार तारखांच्या रूपाने समोर येतो. पदवीनंतर बारा महिने आपल्या विषयात काम करण्याची ही परवानगी. अभ्यासक्रम संपण्याच्या नव्वद दिवस आधीपासून संपल्यानंतर साठ दिवसांपर्यंत आय-७६५ हा कामाच्या परवान्याचा अर्ज करता येतो, हे विद्यार्थ्यांना पाठ असते. पण डीएसओने सेव्हिसमध्ये शिफारस नोंदवल्यापासून तीस दिवसांच्या आत तो अर्ज सरकारकडे पोहोचायला हवा, ही अट अनेकांच्या लक्षात राहत नाही. शिफारस घेऊन ठेवायची, नोकरीचे पक्के झाले की अर्ज करू असे म्हणत थांबायचे, आणि एकतिसाव्या दिवशी अर्ज करायचा: असा अर्ज नामंजूर होतो. साठ दिवसांची मुदत शिल्लक असेल तर नवी शिफारस आणि पुन्हा शुल्क भरून सावरता येते, ती उलटली असेल तर त्या पदवीवरचे ओपीटी गेले. म्हणून मी शिफारस नोंदवताना विद्यार्थ्याला तिसावा दिवस कोणत्या तारखेला येतो ते त्याच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये माझ्यासमोर लिहायला लावते.

सुरुवातीची तारीख निवडणे हाही विचारपूर्वक करण्याचा भाग आहे. ती अभ्यासक्रम संपल्यानंतरच्या साठ दिवसांत कुठलीही ठेवता येते. हातात नोकरी असलेल्याने लवकरची घ्यावी. नसलेल्याने उशिराची घ्यावी, कारण ओपीटी सुरू झाल्यावर एकूण नव्वद दिवसांहून अधिक बेकार राहता येत नाही. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित) विषयांत चोवीस महिन्यांची मुदतवाढ मिळाली की त्यात आणखी साठ दिवसांची भर पडते. हे दिवस संपत आले की विद्यार्थी फार अस्वस्थ होतो, आणि नेमके तेव्हाच कुणीतरी त्याला ‘कागदोपत्री नोकरी’ देऊ करते. काम नाही, पगार नाही, फक्त एक ऑफर लेटर आणि कंपनीचा नोंदणी क्रमांक. अशा कंपन्यांची नावे तपासात उघड झाली की त्यांच्या नावावर नोंद असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचा पुढचा व्हिसा अडचणीत येतो. पहिल्या बारा महिन्यांत आपल्या विषयातले, आठवड्याला किमान वीस तासांचे विनावेतन कामही चालते, मात्र कामगार कायद्याचा भंग होता कामा नये. हे आधी माहीत असलेला विद्यार्थी एखाद्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत किंवा स्वयंसेवी संस्थेत खरे काम शोधतो. स्टेम मुदतवाढीत मात्र पगार हवा, ई-व्हेरिफाय या सरकारच्या कामगार-पडताळणी प्रणालीत नोंदलेला मालक हवा आणि आय-९८३ हा प्रशिक्षणाचा आराखडा हवा.

सीपीटीबद्दल थोडे कठोरपणे लिहावे लागेल. अभ्यासक्रमाचा अविभाज्य भाग असलेले काम शिकत असताना करण्याची ही सवलत. तिला सरकारची वेगळी मंजुरी लागत नाही, डीएसओच आय-२० वर ती देतो. अधिकार आपल्याच हातात असल्यामुळे दबावही आपल्यावरच येतो. विभागप्रमुख म्हणतात मुलाला इतकी चांगली संधी आहे, देऊन टाका. विद्यार्थी म्हणतो माझा मित्र दुसऱ्या विद्यापीठात पहिल्या दिवसापासून पूर्णवेळ काम करतो. इथे मी दोन घटना सांगते. जानेवारी २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठावर धाड पडली. तिथे नाव नोंदवलेल्यांपैकी बहुसंख्य भारतीय होते आणि त्यांतील काहींच्या पायाला इलेक्ट्रॉनिक पट्टे बांधले गेले, ज्याची भारतात मोठी चर्चा झाली. पुढे जानेवारी २०१९ मध्ये मिशिगनमधील फार्मिंग्टन विद्यापीठाचे प्रकरण उघड झाले. ते विद्यापीठ मुळात तपास यंत्रणेनेच सापळा म्हणून उभारलेले होते; तिथे वर्ग नव्हते, प्राध्यापक नव्हते, आणि तरीही सरकारच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत त्याचे नाव होते. तिथेही अटक झालेल्यांत बहुतेक भारतीयच होते. या मुलांना ज्यांनी तिथे पाठवले त्यांत त्यांच्याच भाषेचे, त्यांच्याच ओळखीतले दलाल होते. ‘यादीत नाव आहे म्हणजे ठीक आहे’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मी विचारते की वर्ग कुठे भरतात, शिकवते कोण, परीक्षा कशी होते. आपले विद्यापीठ कितीही प्रतिष्ठित असले तरी हाच प्रश्न प्रत्येक सीपीटी अर्जासमोर स्वतःलाही विचारावा: या कामाचा अभ्यासक्रमाशी खरा संबंध काय आहे? पूर्णवेळ सीपीटी बारा महिने झाली की त्या स्तरावरचे ओपीटी मिळत नाही, हेही विद्यार्थ्याला सही करण्याआधी सांगणे आपलेच काम आहे.

काही धोके अगदी साध्या जागी असतात. वाहन परवाना काढताना अनेक राज्यांत मतदार नोंदणीचा प्रश्न अर्जातच असतो. घाईत ‘हो’ वर खूण केली तर आपण अमेरिकेचे नागरिक असल्याचा खोटा दावा केल्यासारखे होते आणि त्याचा परिणाम आयुष्यभर पुरू शकतो. गांजा राज्यात कायदेशीर असला तरी इमिग्रेशन संघीय कायद्याने चालते आणि तिथे तो बेकायदाच आहे. मद्यपान करून गाडी चालवल्याबद्दल अटक झाली, तर खटला निकाली लागण्यापूर्वीच व्हिसा रद्द होऊ शकतो. ओरिएंटेशनमध्ये नव्या मुलांना जेट लॅग असतो, त्यांना यातले काही आठवत नाही. म्हणून हे तीन विषय मी सत्राच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात पुन्हा, वेगळ्या ईमेलने पाठवते.

२०२५ चा एप्रिल या व्यवसायातील कुणीही विसरणार नाही. विद्यार्थ्याला किंवा विद्यापीठाला काहीही न कळवता आइसने हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी रद्द केल्या. त्यांतील अनेकांचा गुन्हा म्हणजे वाहतुकीचा किरकोळ नियमभंग किंवा कधीच निकालात निघालेले प्रकरण होते, आणि भारतीय विद्यार्थ्यांची संख्या त्यात मोठी होती. देशभरातले सल्लागार रोज सकाळी उठून सेव्हिसमधील आपल्या विद्यार्थ्यांची यादी तपासत होते, कारण ती तपासल्याशिवाय कळण्याचा दुसरा मार्गच नव्हता. नाव सापडले की आधी फोन करायचा, ईमेल नाही. काय झाले आहे ते जसेच्या तसे सांगायचे, ओपीटीवर असेल तर आजच वकिलाशी बोलल्याशिवाय कामावर जाऊ नको असे सांगायचे, नोंदीची प्रत द्यायची आणि अंदाज बांधायचा नाही. अनेक संघीय न्यायालयांनी तात्पुरती स्थगिती दिली आणि २५ एप्रिल रोजी सरकारी वकिलांनी नोंदी पूर्ववत करत असल्याचे न्यायालयात सांगितले. त्या काळात मला सर्वांत जास्त जाणवले ते हे की, ज्यांचा आपल्या कार्यालयावर विश्वास होता ते लगेच आले, वकिलांपर्यंत पोहोचले आणि याचिकांत सहभागी झाले. ज्यांनी आम्हाला सरकारचेच हस्तक मानले होते त्यांतले काही विमान पकडून निघून गेले. त्यांचा राग मी समजू शकते. पण नोंदी पूर्ववत झाल्या तेव्हा परत येणे त्यांना फार अवघड होते.

त्याच वर्षी २७ मेपासून विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणे थांबले आणि १८ जूनला, समाजमाध्यमांवरील खाती सर्वांसाठी खुली ठेवण्याच्या अटीसह, ते पुन्हा सुरू झाले. २८ ऑगस्ट रोजी विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम चालू असेपर्यंत राहण्याची मुभा देणारी पद्धत बदलून वास्तव्याची ठरावीक मुदत घालण्याचा प्रस्तावित नियम प्रसिद्ध झाला. असे प्रस्ताव येतात तेव्हा विद्यार्थी बातमी आणि नियम यांत फरक करू शकत नाहीत, आणि व्हॉट्सॲपवर फिरणारे संदेश तर दोन्हींत नसतात. प्रस्ताव म्हणजे काय, अंतिम नियम म्हणजे काय, न्यायालयाची स्थगिती म्हणजे काय, हे साध्या शब्दांत लिहिणे हा आता कामाचा मोठा भाग झाला आहे.

आता आपल्याकडच्या मुलांविषयी. ओपन डोअर्स या परदेशी विद्यार्थ्यांविषयीच्या वार्षिक अहवालाप्रमाणे २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि २००८-०९ नंतर प्रथमच भारताने चीनला मागे टाकले. त्यामुळे भारतातील कागद वाचता येणारा माणूस कार्यालयात असणे ही चैन राहिलेली नाही. कर्जाचे मंजुरीपत्र म्हणजे हातात आलेली रक्कम नव्हे, बँक ती टप्प्याटप्प्याने देते आणि एखादा हप्ता अडकला की फी भरण्याची तारीख चुकते, हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. सीएने दिलेल्या प्रमाणपत्रात फ्लॅट आणि शेतजमिनीची किंमत धरलेली असते, पण आय-२० साठी बहुतेक विद्यापीठांना वापरता येण्याजोगा पैसा दिसायला हवा असतो. हे विद्यार्थ्याला नकाराच्या ईमेलऐवजी आधीच सांगता येते. नावाचा घोळही असाच. आपल्या पासपोर्टवर पुष्कळदा मुलाच्या नावाला जोडून वडिलांचे नाव ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात असते. सेव्हिस पासपोर्टप्रमाणेच चालते, त्यामुळे आय-२० आणि पुढची ओळखपत्रे त्या जोडनावानेच निघतात. बँकेत एक नाव, परवान्यावर दुसरे आणि भाडेकरारावर तिसरे असे झाले की पुढे हेलपाटे पडतात. पहिल्याच आठवड्यात ‘पासपोर्टवर आहे तेच नाव सगळीकडे’ एवढे सांगितले तरी बराच त्रास वाचतो.

पालकांचे फोन येतात. आमच्या सकाळी दहाला तिकडे रात्र झालेली असते, जेवणे आटोपलेली असतात आणि नाशिकहून किंवा सांगलीहून एखादे वडील विचारतात, “मुलगा फोन उचलत नाही, तो वर्गाला जातो का एवढेच सांगा.” १९७४ च्या फर्पा कायद्यानुसार विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय त्याची शैक्षणिक माहिती पालकांनाही देता येत नाही. कर्ज काढणाऱ्या बापाला हे सांगणे जड जाते, तरी सांगावे लागते. मात्र ऐकून घेण्याला कायद्याची बंदी नाही. काळजीचे कारण खरे वाटले तर विद्यार्थी कल्याण विभागाला मुलाची विचारपूस करायला सांगता येते आणि मुलाला घरी फोन करायला सुचवता येते. काही जण मुंबईच्या बीकेसीतील अमेरिकी वाणिज्य दूतावासात शब्द टाका असेही म्हणतात. विद्यापीठाच्या शब्दाने व्हिसा मिळत नाही. इमिग्रेशन कायद्याच्या २१४ (बी) या कलमाखाली, म्हणजे मायदेशी परतण्याचा हेतू पटला नाही म्हणून, नकार द्यायचा की नाही हा निर्णय सर्वस्वी तिथल्या अधिकाऱ्याचा असतो. खोटी आशा लावू नये.

कामाच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. अटक, नियमबाह्य नोकरी, आश्रयाचा अर्ज, विवाहावर आधारित ग्रीन कार्ड, न्यायालयाची नोटीस: यांपैकी काहीही समोर आले की उत्तर इमिग्रेशन वकिलाने द्यायचे असते. करांचेही तसेच. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना प्रमाणित वजावट मिळते आणि उत्पन्न नसले तरी फॉर्म ८८४३ हे करखात्याचे माहितीपत्रक भरायचे असते, इतके सांगावे; विवरणपत्र भरून देऊ नये.

पद मिळाले तर पहिल्या वर्षी नाफ्साचे डीएसओंसाठीचे प्रशिक्षण विद्यापीठाच्या खर्चाने मागून घ्यावे. १९४८ पासून चालत आलेली ही व्यावसायिक संघटना आहे आणि तिची सल्लागारांसाठीची नियमपुस्तिका आमच्याकडे रोज उघडली जाते. मुलाखतीत आवर्जून विचारावे की एका सल्लागाराकडे किती विद्यार्थी आहेत आणि सेव्हिसचे इशारे रोज तपासण्याची जबाबदारी कुणाची आहे. या दोन प्रश्नांची उत्तरे टाळणाऱ्या कार्यालयात चांगला सल्लागारही थकून जातो. पगार आयटीतल्या मित्रमैत्रिणींच्या तुलनेत कमी असतो, आणि ऑगस्ट व मे या दोन महिन्यांत घरच्यांना आपले दर्शन दुर्मीळ होते.

मराठी मुलांशी मराठीत बोलावे का, हा प्रश्न आपल्याला पहिल्याच महिन्यात पडेल. जरूर बोलावे, घाबरलेला मुलगा आपल्या भाषेत चार वाक्ये बोलला की खरा प्रश्न लवकर सांगतो. फक्त दोन पथ्ये पाळावीत. रांगेत बसलेल्या नेपाळी, नायजेरियन किंवा चिनी विद्यार्थ्याला मिळतो तेवढाच वेळ आणि तेवढीच सवलत त्यालाही मिळावी, गावचा आहे म्हणून अधिक नाही. आणि मराठीत दिलेल्या प्रत्येक सल्ल्याचा मजकूर, कोणती तारीख, कोणता अर्ज, काय करायचे आणि काय करायचे नाही यांसह, त्याच दिवशी विद्यापीठाच्या ईमेलवरून इंग्रजीत पाठवावा, म्हणजे आपण रजेवर असताना तो मुलगा कार्यालयात आला तरी टेबलामागच्या सहकाऱ्याला तिथून पुढे काम सुरू करता येते.